भाटा की बाटी

निकिता : म्हणजे या मुलीला तुम्ही ओळखत नाही. बरोबर?

देवसिंग : कोन्त्या पोरीले?

निकिता : जिचा आवाज आत्ता मोबाइलवर ऐकवला, तिला.

देवसिंग : आवाजावरून काय ओळखाव, मॅडम! आजकालच्या सगळ्या पोट्ट्या सारख्याच बोलते. चाबी देल्यावानी.

निकिता : तिचं नाव उज्ज्वला राठोड. आणि तुम्ही सांगितलंत देवसिंग राठोड.

देवसिंग : बोरी अरबच्या बाजूनं आमचा तांडा हाय. तिथी येऊन 'राठोड' म्हून एक हाक मारून पाहा. अर्धा तांडा 'काय जी' म्हणते.

निकिता : बरं. लिहिते. 'मुलीशी ओळख नाही.' करा इथं सही. रामराव, तुम्ही का उभे? बसा. हात वर धरून बसा, म्हणजे ठणकणार नाही. आणि सारखं फुंकर मारू नका, मलम उडतंय सगळं.

देवसिंग : हवालदार सायबाच्या हाताले काय झालं, मॅडम?

निकिता : ते राहू द्या. नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख ना तुम्ही? मी इथली फौजदार, निकिता जगदाळे. साताऱ्याकडची. मला तुमची वऱ्हाडी आत्ता कुठं कळायला लागलीय, त्यात ही बंजाऱ्यांची गोरबोली. ठाण्यात एकालाही येत नाही. रामरावांना म्हटलं, बाहेर जा आणि बंजारा समाजाचं कोणी मोठं माणूस दिसलं तर मानानं घेऊन या. तर तुम्ही फाटकाशी लिंबाखालीच बसलेले. सकाळपासून, म्हणे.

देवसिंग : सावली चांगली हाय तुमच्या लिंबाची.

निकिता : सावलीसाठी पोलीस ठाण्यात येणारा पहिलाच माणूस पाहिला मी. बरं, ऐका. कॉलेजात झालेली गडबड माहीत असेल.

देवसिंग : मी अडाणी मानूस. पेपर गिपर वाचत नाई.

निकिता : होस्टेलची मेस बंद पडली. पोरं प्राचार्यांच्या केबिनसमोर धरणं धरून बसली. दोन दिवस गाणी झाली, घोषणा झाल्या. काल, तिसऱ्या दिवशी, दगड आले. नोटीस बोर्ड फुटला, दोन खुर्च्या जाळल्या, केबिनची काच फुटली. काचेमागं शिपाई होता, बाबुलाल. त्याच्या कपाळाला टाके पडले. थोडक्यात डोळा वाचला.

देवसिंग : अरारा. गरिबाचा डोया.

निकिता : प्राचार्यांनी अकरा मुलांची नावं दिलीत. पहिलं हिचं. कारण हा मेसेज. आदल्या संध्याकाळी हिनं खुशी नावाच्या मैत्रिणीला बोलून पाठवला. खुशीनं चुकून सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो ऑफिसात गेला आणि तिथल्या क्लार्कनं अर्थ लावला, 'दगड आणा, सरांना रडवा.'

देवसिंग : क्लार्क कुठचा हाय?

निकिता : नागपूरचा.

देवसिंग : मंग त्याले काय समजते!

निकिता : म्हणून तर तुम्ही. संध्याकाळपर्यंत साहेबांना नावं पाहिजेत. सगळी अकरा लावा, म्हणतायत. दंगलीचं कलम.

देवसिंग : आन् नाव लागलं त काय होते, मॅडम? म्हंजे असंच इचारतो.

निकिता : बाकीच्यांचं कोर्टकचेरी, तारखा. हिचं मात्र संपलंच. पोलीस भरतीचं मैदान मारलंय पोरीनं, धावण्यात पहिली आलीय. लेखी तोंडावर आलीय. गुन्ह्यात नाव आलं की चारित्र्य पडताळणीत अडकली. मग कुठली खाकी आणि कुठलं काय.

देवसिंग : पानी भेटन का थोडंसं?

निकिता : रामराव, पाणी... नको, तुम्ही हात धरा. मीच देते. घ्या. घाम का आलाय एवढा?

देवसिंग : पंखा तुमच्याकडं तोंड करून हाय.

निकिता : करूया सुरू. पहिलं वाक्य. 'खुशी, तीन भाटा लेन आवजो.' बाकीचे शब्द मला अंदाजानं कळतात, हिंदीसारखेच आहेत. 'लेन आवजो' म्हणजे घेऊन ये. अडतंय ते एकाच शब्दाला. भाटा.

देवसिंग : बाटी.

निकिता : मला भाटा ऐकू आलं.

देवसिंग : मोबाइलमंधून 'भ' येते, मॅडम. तोंडातून 'ब'च निंगते. बाटी म्हंजे भाकर. आमी ज्वारीच्या भाकरीले बाटीच म्हणतो.

निकिता : असं? म्हणजे 'खुशी, तीन भाकरी घेऊन ये.'

देवसिंग : हाव. एवढीच गोष्ट हाय. जातो मी, बस चुकन.

निकिता : बसा बसा, पुढं बरंच आहे. 'मोठ्या आण. सारख्या उंचीच्या बघून आण.' भाकरीची उंची?

देवसिंग : जाडी, जाडी. आमच्या बाया जाड थापते.

निकिता : 'आगीत तडकणार नाहीत अशा.'

देवसिंग : पीठ कच्चं असलं त तडकते ना.

निकिता : 'होस्टेलमागं बांधकामाचा ढीग आहे, त्यातून उचल.' भाकरी. ढिगातून.

देवसिंग : तिथी... मजूर असन ना कामावर. त्यायच्या बाया भाजते. उरते एखादवेळा.

निकिता : 'पोत्यात घाल.' तीन भाकरींना पोतं लागतं?

देवसिंग : मोठ्या हायेत म्हून सांगतलं ना आताच.

निकिता : 'वॉचमनला दिसू देऊ नको.'

देवसिंग : त्याले दिसली त मांगते. वॉचमनलेबी भूक हाय.

निकिता : 'एक पुढं, दोन मागं. बरोबर सरांच्या केबिनच्या दारासमोर.'

देवसिंग : वाढाची रीत हाय आमची. एक म्होरं, दोन मांगं.

निकिता : 'पायावर पाडून घेऊ नको, मागच्या वेळी अंगठा फुटला होता.' नायक, तुमच्या तांड्यात भाकरी पायावर पडून अंगठे फुटतात?

देवसिंग : शिळी असन.

निकिता : आणि शेवटी, 'सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे.'

देवसिंग : ठेचा असन संग.

निकिता : रामराव, हसू नका. बाहेर जाऊन हसा. नायक, तुम्ही तांड्यात न्याय करता ना?

देवसिंग : करतो. नसाब बसते आमची. दोन्हीकडचं आयकून घ्याव लागते.

निकिता : तिथं एखादा माणूस असं बोलला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?

देवसिंग : म्हटलं असतं... बाप्पा, तुले झोप झाली नाई, घरी जा, उद्या ये.

निकिता : मी तसं म्हणू शकत नाही. मला आज संपवायचंय. तुमचं सगळं लिहून घेतलंय. वाचून दाखवू?

देवसिंग : नोका वाचू, मॅडम. आयकलं म्या.

निकिता : मग इथंही सही करा. छान. रामराव, हसून झालं असेल तर उज्ज्वलाला आणा.

देवसिंग : तिले कायले बोलावता? लहान लेकरू हाय. घाबरन.

निकिता : तुम्हाला काय माहीत लहान आहे की मोठी?

देवसिंग : आवाजावरून, मॅडम.

(उज्ज्वला आत येते आणि दारातच थांबते.)

उज्ज्वला : दादा!

देवसिंग : हाव बाई, बस. मी दुभाषी हाय. सरकारकडून. मले इथी कोनी ओळखत नाई, आन् मीबी कोनाले ओळखत नाई.

उज्ज्वला : काय बोलून राह्यला तू?

निकिता : अगं, मोठ्या माणसाला दादा म्हणतेस आणि लगेच अरे-तुरे? बस इथं. खाल्लंस काही?

उज्ज्वला : रामरावकाकायनं पोहे देले. मिरच्याच मिरच्या होत्या.

निकिता : ऐक आता. तुझ्या मेसेजमध्ये तू खुशीला काय आणायला सांगितलंस?

देवसिंग : सांग, सांग. घाबरू नोको. खायाची वस्तू जे हाय ते—

निकिता : नायक!

देवसिंग : —तोंडात टाकाची—

निकिता : नायक, दुभाष्यानं विचारल्यावरच बोलायचं असतं. हं, उज्ज्वला?

उज्ज्वला : भाटे.

देवसिंग : मेलो.

निकिता : मराठीत सांग.

उज्ज्वला : दगडं, मॅडम. तीन दगडं आन म्हटलं.

देवसिंग : पोरगी घाबरली, मॅडम. घाबरलं की मानूस काईबी बोलते. लिहू नोका.

उज्ज्वला : मी कायले घाबरू? चूल मांडाची होती ना! तीन दगडं नाई त काय चार आनाव?

निकिता : चूल?

उज्ज्वला : मग मी काय सांगून राह्यलो सकाळपासून सगळ्यायले? कोनी आयकूनच घेत नाई. डाळीत अळ्या निंगाल्या म्हून आमी तक्रार केली. मेसवाल्याले राग आला, त्यानं कुलूपच लावलं. परीक्षा तोंडावर, अन् होस्टेलच्या पोरी बिस्किटावर. सरांकडं गेलो त म्हणते, 'ॲडजस्ट करा.' मंग म्या म्हटलं, ॲडजस्ट करतो ना सर. तुमच्या दारासमोरच चूल मांडतो अन् भाकरी करतो. धूर आत गेला, डोळ्यांतून पाणी आलं, की समजन भूक काय असते.

निकिता : 'सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे.'

उज्ज्वला : धुरानं, मॅडम! ओल्या काड्याबी त्याच्यासाठीच आनल्या होत्या.

निकिता : 'एक पुढं, दोन मागं.'

उज्ज्वला : चुलीची दगडं तशीच असते ना. काड्या घालाले तोंड नोको का?

निकिता : 'सारख्या उंचीची.'

उज्ज्वला : तवा डुगडुगते नाई त. तुमीच सांगा, कोनाले फेकून माराची असती त तीनच मागवली असती का? अन् निवडून निवडून सारखी घेतली असती?

निकिता : नायक, काही बोलायचंय? आता विचारतेय मी.

देवसिंग : चूल होती काय?

उज्ज्वला : मंग तू काय सांगतलं मॅडमले?

निकिता : मी सांगते. हे बघ, 'मोठ्या, सारख्या उंचीच्या तीन भाकरी बांधकामाच्या ढिगातून उचल, पोत्यात घाल, पायावर पाडून घेऊ नको.'

उज्ज्वला : बाटी? दादा, तू भाट्याले बाटी म्हटलं?

देवसिंग : आयकू कमी येते मले.

उज्ज्वला : रात्री घरात पाल चुकचुकली त उठून बसतं तू! तुले समजलं होतं. चांगलं समजलं होतं. काहून बदललं?

देवसिंग : तुले वाचवाले. अजून कायले!

उज्ज्वला : कशातून?

देवसिंग : आता काय सांगू मी मॅडमसमोर...

उज्ज्वला : म्हंजे तुले वाटलं का म्याच दगड मारला.

निकिता : एक मिनिट. 'घरात'? रात्री पाल चुकचुकली की हे उठून बसतात, हे तुला कसं माहीत?

उज्ज्वला : माहा दादा हाय तो.

निकिता : हो, दादा म्हणालीस मघाशीही. आमच्याकडं बसच्या कंडक्टरलाही दादा म्हणतात.

उज्ज्वला : नाई, मॅडम. आमच्या गोरबोलीत दादा म्हंजे आजा. माह्या बापाचा बाप.

निकिता : वा! आणि मी यांनाच भाषांतराला बसवलं. रामराव, सबंध यवतमाळ जिल्ह्यात तुम्हाला हाच माणूस सापडला का? ...काय? 'लिंबाखाली एकटेच होते'? धन्य आहे तुमची. नायक, वर बघा. अहो, वर बघा.

देवसिंग : काय पाहू, मॅडम. मान वर होत नाई.

उज्ज्वला : माह्या प्रश्नाचं उत्तर दे पह्यले. वाटलं का नाई? खरं सांग.

देवसिंग : हाव. वाटलं.

उज्ज्वला : म्या?

देवसिंग : तू भाटा म्हटलं, दिसू देऊ नोको म्हटलं, सरांच्या डोळ्यांतून पानी म्हटलं. इकडं त्या मानसाचं कपाय फुटलं. काय समजाव म्या? तू लहानपनापासून तापट. शाळेत त्या पोट्ट्याचं दप्तर विहिरीत फेकलंतं.

उज्ज्वला : त्यानं आमच्या याडीच्या, माह्या मायच्या, बांगड्यांवरून चिडवलंतं म्हून! अन् दप्तर फेकलं, त्याले नाई फेकलं. मॅडमले माही ओळख नाई, कॉलेजले नाई, त्या क्लार्कले नाई. ठीक हाय. पन तू? तुह्या मांडीवर वाढली मी.

देवसिंग : भेव वाटलं वं, पोरी.

उज्ज्वला : मले इचाराचं ना!

देवसिंग : कुठून इचारू? तू आत, मी लिंबाखाली. मॅडम, तुमाले सांगतो. माह्या लहानपनी पोलीस तांड्यात आला का मायबाप आमाले आधी कडब्यात लपवे. कोनी चोरी करो, कुठीबी करो, धरून आमच्याचले नेत. बाप सांगे, पोलिसाले खरं सांगतलं त मार, खोटं सांगतलं तबी मार, मंग खोटंच सांगा. तेच शिकलो. आन् ही पोट्टी एक दिवस म्हणते, दादा, मी पोलीस होतो. म्या तांडाभर गूळ वाटला. सगळ्यायले सांगून ठेवलं, आता खाकी पाहून लपू नोका, खाकीत आपलीच छोरी येते. ते सगळं जाईन म्हून घाबरलो. दुसरं काई नाई.

निकिता : हं.

उज्ज्वला : गूळ वाटला? भरतीचं फक्त मैदान झालं त?

देवसिंग : मंग काय झालं! पेढे ठेवले ना लेखीसाठी.

निकिता : नायक, तुम्ही खरं बोलला असता, 'भाटा म्हणजे दगड' एवढंच, तरी मी हिला विचारलंच असतं, कशाला मागवले. आणि तुमच्या भाकरीनंतर, खरं सांगू, मला वाटायला लागलं होतं की हिनंच मारला. आजोबा एवढं झाकतायत, म्हणजे काहीतरी असणार.

देवसिंग : आजा हाय, हे तवा कुठं माहीत होतं तुमाले?

निकिता : आता माहीत झालं ना. बरं, उज्ज्वला, चूल मान्य. पण हे बघ. हा दगड बाबुलालच्या पायाशी सापडला. एका बाजूनं काळा.

उज्ज्वला : दाखवा. हाव. आमचाच हाय. म्होरचा.

देवसिंग : पुन्हा हाव म्हटलं! अवं, थोडं थांबून त बोलत जा.

उज्ज्वला : आमचा हाय त आमचा. पन म्या फेकला नाई, मॅडम. सरांनी वॉचमनले सांगून आमच्या चुलीवर बादलीभर पानी ओतलं. तव्यावरच्या भाकरीवर ओतलं. दोन दिवसांची उपाशी पोरं ताट घेऊन बसली होती. मंग पोट्टे भडकले अन् खुर्च्या, बोर्ड, जे हाती लागलं ते. मी ओरडून राह्यलो का थांबा. कोनी आयकलं नाई.

निकिता : 'राह्यलो' काय गं, 'राहिले' म्हण. मुलगी ना तू?

उज्ज्वला : आमच्या इकडं बायाबी तसंच म्हणते. मॅडम, मी चिडली होती. खोटं कायले सांगू? पानी ओतलं तवा मलेबी वाटलं, आता उचलाव अन् माराव. पन नाई उचलला.

निकिता : कोर्ट विचारेल, पुरावा काय.

देवसिंग : मी हाय ना.

निकिता : तुम्ही आता कशालाच नाही आहात, नायक. रामराव, इकडं या. हात दाखवा. तळवा वर करा जरा. बघा, हा पुरावा.

उज्ज्वला : अगा मायी! काकाच्या हाताले काय झालं?

निकिता : शूर गडी. गेटवर बंदोबस्ताला होते, काच फुटताच आत शिरले, दगड दिसला, म्हणाले मुद्देमाल, आणि उचलला पटकन. सबंध तळवा भाजला. मी कालपासून यांना रागावतेय, की दगडाचा कसला चटका बसतो, गरम चहा सांडून घेतला असेल कुठंतरी. तो निखाऱ्यातला होता.

उज्ज्वला : हाव, पानी भाकरीवर पडलं, म्होरचा दगड तापलेलाच राह्यला. मंग ज्यानं फेकला, त्याचाबी तळवा भाजलाच असन.

निकिता : तेच म्हणतेय. हात पुढं कर.

देवसिंग : कर वं, पोरी. दोन्ही.

निकिता : थांबा तुम्ही. हे काय? हे फोड कसले?

देवसिंग : देवा.

उज्ज्वला : बोटाले हायेत, मॅडम, शेंड्याले. भाकर पलटवताना बसते. तुमी नाई का करत?

निकिता : मला कुठल्या येतायत भाकरी! आई रागावते रोज फोनवर. तळवा दाखव. हं, स्वच्छ आहे. दगड काही बोटाच्या शेंड्यांनी फेकता येत नाही.

देवसिंग : म्हंजे सुटली?

निकिता : धीर धरा. आता दुसरा प्रश्न. फेकला कोणी, ते तू पाहिलंस.

उज्ज्वला : म्या कोनाचं नाव नाई घेत, मॅडम.

निकिता : भरती पोलिसांची द्यायचीय ना?

उज्ज्वला : हाव.

निकिता : मग?

देवसिंग : सांगून टाक, पोरी. ज्याचं त्यानं भोगाव.

उज्ज्वला : तू चूप बस, दादा. तू आज लय बोलला.

निकिता : बरं, तू नको सांगू. मी बोलते. बाबुलालला गाडीवर घालून दवाखान्यात कोणी नेलं? कपिलनं. प्राचार्यांनी त्याचं पत्रात कौतुक केलंय, 'आदर्श विद्यार्थी', आणि मला साक्षीदार म्हणून दिलाय. दवाखान्यात मी भेटले त्याला. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. मला वाटलं, बाबुलालचं रक्त असेल. चहा दिला तर कप डाव्या हातानं धरला. डावखुरा आहे का गं कपिल?

उज्ज्वला : मॅडम...

निकिता : नाव तू घेतलेलं नाहीस. फक्त एवढंच सांग, डावखुरा आहे का?

उज्ज्वला : नाई.

निकिता : हं.

उज्ज्वला : त्यानं खुर्ची पाहून मारला, मॅडम. रिकामी खुर्ची. सर पानी ओताले लावून घरी जेवाले गेलते. बाबुलालकाका आत काचेखाली वाकून पुसत होते, तवाच उठले, ते त्याले दिसलंच नाई. रक्त पाह्यलं अन् तो तसाच धावला. बाबुलालकाका रोज आपल्या डब्यातली भाजी द्याचे आमाले, मेस बंद झाल्यावर. कपिल पह्यला जाऊन बसे डब्यापाशी. कालपासून खोलीचं दार लावून रडून राह्यलाय, जेवत नाई. तुमी गाडी पाठवू नोका. मी घेऊन येतो त्याले. तो आपल्या पायानं आला पाह्यजे.

निकिता : आणि पळाला तर?

उज्ज्वला : मैदानात धावण्यात पह्यली आली मी. कुठी पळन?

देवसिंग : हे बराबर हाय, मॅडम. आमच्या नसाबीतबी चुकला मानूस आपल्या पायानं आला त त्याचं वजन राह्यते. धरून आनला त नाई.

निकिता : गुन्हा तर लागणारच त्याच्यावर. बाबुलालच्या कपाळाला टाके आहेत, ते मला पुसता येणार नाहीत. पण स्वतः आला, खरं बोलला, तर तेही लिहीन. डाळीतल्या अळ्या लिहीन आणि चुलीवर ओतलेली बादलीही लिहीन. साहेबांना अकरा पाहिजे होते. मिळेल तेवढंच देईन.

उज्ज्वला : माहं नाव?

निकिता : आहे. साक्षीदारात. दगड चुलीसाठी आणले, ही साक्ष तुलाच द्यायची आहे. कोर्टात 'राह्यलो' म्हणू नको, न्यायाधीश गोंधळतील.

उज्ज्वला : थँक्यू, मॅडम.

निकिता : थँक्यू नको. लेखी दे जाऊन. आता उरला एक गुन्हेगार. नायक, हे तुमचं भाषांतर. पोलिसांना खोटं लिहून दिलंत, खाली सही. यावर कलम लागतं, माहितीय?

देवसिंग : लावा ना. मले या वयात कोन्ती भरती द्याची हाय!

निकिता : ऐका हे! रामराव, हसा आता, हरकत नाही. आणा तो कागद इकडं. नवीन लिहू. 'भाटा म्हणजे...' बोला, नायक. नीट बोला.

देवसिंग : भाटा म्हंजे दगड.

निकिता : 'कशासाठी मागवला?'

देवसिंग : बाटीसाठी. लिहा, मॅडम. दोन्ही खरं हाय आता.

उज्ज्वला : तरी बाटी सोडली नाई यानं.

निकिता : चला. उज्ज्वलाला सोडतेय. आधी दोघं मिळून कपिलला घेऊन या, मग घरी. बोलावलं की हिला हजर करायची जबाबदारी कोण घेतंय?

देवसिंग : मी घेतो.

निकिता : पण पहिल्या कागदावर मी लिहिलंय, 'मुलीशी ओळख नाही.' तुमच्याच तोंडचं. तेवढं खोडते.

देवसिंग : नोका खोडू, मॅडम. ते तवा खरंच होतं.

उज्ज्वला : अन् आता?

देवसिंग : आज झाली.